चॅटचा पुरावा आणि भाग ब ची सही

नवऱ्याने तीन वर्षांत मला काय काय लिहिलं ते सगळं माझ्याच फोनमध्ये होतं. "बापाकडून गाडीचे पैसे आण, नाहीतर तिथेच राहा" हा त्यातला सौम्य मेसेज. तरी ते रीतसर पुरावा म्हणून दाखल व्हायला सात महिने लागले, आणि त्यातले पाच एका सहीपायी गेले. तो राग अजून उतरलेला नाही.

कुटुंब न्यायालयात अर्ज, समुपदेशन, त्याचं लेखी म्हणणं, हे झालं ठीक. मी स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंट काढून ऐरोलीहून ट्रेनने ठाण्याला, कोर्ट नाक्यावर वकील मॅडमकडे गेले. पहिल्याच पानावर त्यांनी बोट ठेवलं. वर नाव होतं 'अहो'. मी नंबर तसाच सेव्ह केला होता. "हे अहो म्हणजे कोण, हे कागदावर कुठे दिसतंय?" नाव काढून नंबर उघडा ठेवला आणि मगच चॅट एक्सपोर्ट केलं. तुम्हीही आधी एवढं करा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, लागू आहे. फोन-कॉम्प्युटरमधल्या पुराव्यासाठी जुन्या कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी आता कलम ६३. अशा पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग: अ आपण भरायचा, ब तज्ज्ञाने. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे पुराव्याबाबत तिथे बरीच मोकळीक असते, पण मॅडम म्हणाल्या, "आक्षेप पहिला इथेच येणार, पुढे अपिलातही येणार. आपण पक्कं करू."

आणि भाग ब वर अडलं. पहिला तज्ज्ञ म्हणाला, फोन पंधरा दिवस ठेवून जा. माझे बँकेचे ओटीपी, ऑफिसचं लॉगिन, सगळं त्याच फोनवर. दिला नाही, तर त्याने पुन्हा फोनच उचलला नाही. एक तारीख गेली. दुसऱ्याने पैसे आगाऊ घेतले, दोन महिने "उद्या देतो" केलं, आणि दिलेल्या प्रमाणपत्रातला हॅश आमच्या फाइलशी जुळेना. हॅश म्हणजे फाइलचा ठसा, एक स्वल्पविराम हलला तरी बदलतो. टायपिंगवाल्याने फाइल उघडून फॉन्ट बदलून सेव्ह केली होती, आणि तज्ज्ञाने तीच प्रत तपासली होती. फोन समोर असताना! पुन्हा दोन तारखा. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी रडले.

तिसऱ्याने माझ्यासमोर बसून अर्ध्या तासात केलं. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा नंबर, लिहिला, फोनमधून फाइल काढली, एसएचए-२५६ या पद्धतीने चौसष्ट अक्षरांचा हॅश काढला. घरी दादा एकेक अक्षर वाचत गेला, मी प्रमाणपत्रावर टिक करत गेले. चौसष्टच्या चौसष्ट जुळली. आई देवापुढे दिवा लावून आली.

म्हणून सांगते, तज्ज्ञाला पहिल्याच फोनवर विचारा: माझ्यासमोर कराल का, आणि किती वेळात? फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, तिला कोणी हात लावायचा नाही. वाचायला दुसरी द्या. मेसेज इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत असतील तर देवनागरी प्रत वेगळी जोडा.

मैत्रीण म्हणाली, त्याच्या फोनमधलंही काढ. मी नाही काढलं. मला आलेले मेसेज माझे आहेत, दुसऱ्याच्या फोनमध्ये चोरून शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली आपल्यावरच उलटू शकतं. नवरा-बायकोचं बोलणं खासगी, ते कोर्टात चालत नाही, असंही ऐकवलं गेलं. पण नवरा-बायकोच्याच दाव्यात ती आडकाठी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ ला पतीने चोरून केलेल्या फोन रेकॉर्डिंगबाबतही हेच म्हटलं.

मागच्या तारखेला कागदावर निशाणी, म्हणजे कोर्टाचा पुरावा क्रमांक, पडली. उलटतपासणी बाकी आहे. त्याचा वकील म्हणेल, मेसेज बनावट आहेत. म्हणू दे.

हो, आणि व्हॉइस नोट्स वेगळ्या फाइली असतात, त्यांचेही हॅश लागतात. माझ्या अकरा राहिल्या होत्या, त्या नंतर जोडल्या. मूळ फोन विकू नका, रीसेट करू नका. माझा गोदरेजच्या कपाटात आहे, दर रविवारी चार्ज करते.