एमएम 540 ला पुढे डिस्क ब्रेक बसवले

आमची जीप 1993 ची महिंद्राची एमएम 540, फोर बाय फोर, प्यूजो डिझेल इंजिनवाली. आण्णांनी 1999 ला सेकंडहँड घेतली ती अजून दारातच आहे. भात, खताच्या गोण्या, गणपती, पेशंट, वऱ्हाड सगळं तिच्यातून गेलंय. तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक (चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून लायनर लावलेले दोन शू दाबतात), आणि ज्याच्याकडून घेतली त्याने बंद पडलेला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) काढून टाकून साधा सिंगल मास्टर सिलिंडर (पॅडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो) बसवलेला, म्हणजे ब्रेक पूर्ण पायाच्या जोरावर. आण्णांना त्याची इतकी सवय की दर वेळी दोनदा पाय मारायचा आणि तिसऱ्यांदा दाबून धरायचा, त्यांना त्यात काही वावगं वाटायचंच नाही, आणि मी पण तसाच शिकलो.

मागच्या नोव्हेंबरात महाडला लग्नाला निघालो होतो, भोरवरून वरंधा घाटाने. गाडीत आई, बायको, दोन पोरं, मागे सामान. नीरा देवघर धरणाचं पाणी संपलं, घाट सुरू झाला आणि पुढे एक लोडेड टेम्पो लागला, त्याच्या मागे सारखा ब्रेक दाबत दाबत उतरायला लागलं. सात आठ वळणं झाली असतील, करपट वास यायला लागला, आधी वाटलं टेम्पोचा आहे. मग पॅडल खाली जायला लागलं. दोनदा मारला, वर आलं, पुढच्या वळणाला तीनदा मारायला लागला, आणि त्यापुढच्या वळणाला पॅडल जवळजवळ फ्लोअरला टेकलं आणि गाडी नुसती हळू झाली, थांबली नाही. दुसऱ्यातून पहिल्यात टाकली, क्लच सोडल्यावर गाडीने हिसका दिला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला गटाराला चाक लावून थांबवली. आईने फक्त विचारलं, "थांबलास का रे?" मी म्हणलं इंजिन गरम झालंय. तिला खरं मी घरी आल्यावर सांगितलं.

अर्धा तास तिथं बसलो. पुढच्या ड्रमवर पाणी शिंपडलं तर चर्र करून वाफ झाली (तापलेल्या ड्रमवर पाणी टाकू नये, तडा जातो, हे नंतर कळलं). मग गार झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये माझेरीपर्यंत उतरवली. फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात हळू गिअर) टाकावं असं वाटत होतं पण कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणं घेताना पुढची मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो म्हणून नाही टाकलं. आण्णांचं एक वाक्य आहे, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. ते मी त्या दिवशी पाळलं नव्हतं, आणि ते पाळलं असतं तरी त्या ब्रेकांच्या भरवशावर पोरांना बसवायला नको होतं, हे मला अजून रात्रीचं आठवतं.

घरी आल्यावर आधी मला हे समजून घ्यायचं होतं की पॅडल खाली का जातं. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो, त्यामुळे शूला जास्त प्रवास करावा लागतो आणि पॅडल खाली. शिवाय लायनर तापला की त्याची पकड जाते, आणि ड्रम बंद डबा असल्यामुळे गरमी बाहेर पडायला जागाच नाही. डिस्क म्हणजे उघडी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात, वारा लागतो, तापली तरी जाड होऊन पॅडच्या जवळच येते. तिसरी गोष्ट ब्रेक ऑइलची, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट 3 साधारण 205 डिग्रीला उकळतं आणि पाणी ओढलेलं 140 ला, डॉट 4 चं तेच 230 आणि 155. आमच्या गाडीतलं ऑइल शेवटचं कधी बदललं ते आण्णांनाही आठवेना, बाहेर काढलं तर काळ्या चहासारखं. आणि आमच्याकडे पावसाळा म्हणजे काय असतो तुम्हाला माहितीये, ओढा ओलांडला की ड्रममध्ये पाणी राहायचं आणि पुढचे दोन तीन ब्रेक देवाच्या हवाली.

नुसते लायनर बदलून, ड्रम लेथवर टर्न करून घेऊन भागलं असतं असं दोन जणांनी सांगितलं. भागलं असतंच, सपाटीला. पण वजन भरून घाट उतरायचा असेल तर पुढचे ब्रेक महत्त्वाचे, कारण ब्रेक मारल्यावर सगळं वजन पुढे येतं, उतारावर तर जास्तच. आणि वेगाचं गणित पण बघा, 40 च्या जागी 60 ने असलात तर थांबवताना दीडपट नाही सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते आणि ती सगळी गरमी होऊन बाहेर पडते. म्हणून पुढे डिस्क करायचंच ठरवलं. हरियाणातल्या डबवाली गावाकडून पण किट येतात, जीपवाल्यांना ते नाव माहीत असतं, पण मी बोलेरोचं सामान घेतलं कारण उद्या पॅड संपले तर तालुक्याच्या दुकानात पण मिळतात, आणि बोलेरोच्या चाकाच्या पाच बोल्टच्या वर्तुळाचं माप जीपसारखंच आहे, 139.7 मिलिमीटर. आमची 16 इंची रिम आहे म्हणून कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) आत बसला, छोटी रिम असेल त्यांनी आधी मापून घ्या.

इथे एक गोष्ट नीट सांगतो कारण बरेच जण फक्त डिस्क लावून मोकळे होतात. ड्रममध्ये पुढचा शू चाकाबरोबर फिरायला बघतो आणि स्वतःच ओढला जाऊन घट्ट होतो, त्यामुळे कमी जोरात पण काम होतं. डिस्कमध्ये असं काही नाही, तुम्ही जेवढं दाबाल तेवढंच. म्हणजे बूस्टर नसताना डिस्क लावली तर पॅडल दगडासारखं लागतं आणि गाडी आधीपेक्षा उशिरा थांबते. आणि बूस्टर लावायचा तर डिझेल इंजिनमध्ये पेट्रोलसारखा आपोआप व्हॅक्यूम तयार होत नाही, त्याला पंप लागतो. मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर मिळतो, तो घ्यावा लागला. मास्टर पण बदलायचा. एक तर सिंगल मास्टरला एक पाइप फुटला की चारही चाकं गेली, टँडेममध्ये म्हणजे दोन भागांच्या मास्टरमध्ये पुढचे मागचे वेगळे राहतात. आणि ड्रमसाठीच्या जुन्या मास्टरमध्ये एक व्हॉल्व्ह असतो जो लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो, ते डिस्कला चालत नाही, पॅड घासत राहतात आणि चाक तापतं. म्हणून पुढे डिस्क मागे ड्रम असलेल्या गाडीचाच टँडेम मास्टर घेतला.

पहिलं काम ज्या गॅरेजला दिलं तिथं दोन दिवस ब्रेकच्या लाइनमधली एअर काढत होते. मी पॅडल मारायचो, पोरगा कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल सोडायचा, बाटलीत बुडबुडे यायचे, मग बंद व्हायचे, सगळे म्हणायचे झालं, आणि पॅडल परत स्पंजसारखं. पाव लिटरच्या पाच बाटल्या गेल्या. मला सांगितलं गेलं की किटच असं असतं, रनिंग झालं की सेट होईल. मी गाडी तशी चालवायला तयार नव्हतो, टो करून पुण्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली, नाना पेठेत स्पेअर घेताना एकाने त्यांचं नाव सांगितलं होतं. चाचांनी हात पण लावला नाही, चाकासमोर खाली बसले, बोट दाखवून म्हणाले, "भाऊ, निपल कुठाय बघ." निपल खाली होतं. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. हवा नेहमी वर जाते, निपल खाली असेल तर वरची हवा जन्मात बाहेर येणार नाही. त्यांनी दोन्ही कॅलिपर अदलाबदल केले, होजपाइपचे कॉपर वॉशर नवीन टाकले, आणि सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली, मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी ड्रायव्हरच्या बाजूचं. पारदर्शक नळीतून आधी फेस आला, मग एकेक मणी असल्यासारखे बुडबुडे, मग नुसतं स्वच्छ पिवळसर ऑइल. पॅडल दोन बोटं गेलं आणि थांबलं. मी पाय काढून परत दाबला, तिथंच थांबलं. डोळ्यात पाणी आलं, खरं सांगतो.

हबचे ऑइल सील पण चाचांनीच बदलले कारण जुन्या सीलमधून ग्रीस येत होतं आणि ते नव्या पॅडवर गेलं असतं तर सगळं मुसळ केरात. मग रिकाम्या रस्त्यावर 50 च्या स्पीडवरून 10 पर्यंत, आठ दहा वेळा, पूर्ण न थांबवता ब्रेक मारून पॅड बसवले. मला सगळं मिळून 38 हजाराच्या आसपास गेले, त्यातला पहिल्या गॅरेजचा खर्च वाया गेला तो धरून.

कागदांचं पण सांगतो. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल निकाल दिलाय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारे बदल चालणार नाहीत. 15 वर्षांवरच्या गाडीला दर पाच वर्षांनी री-पासिंगला जावंच लागतं, म्हणून मी काम करायच्या आधी आरटीओत जाऊन विचारून आलो. तुम्ही पण आधी विचारा, नंतर नको.

गेल्या रविवारी परत वरंध्याने उतरलो, आईला घेऊनच. दुसऱ्या गिअरमध्ये, त्याच वळणावर थांबलो, उतरून चाकाला हात लावला तर कोमट. आण्णा गाडी शेतावर नेतात तेव्हा अजून दोनदा पाय मारतात, पंचवीस वर्षांची सवय आहे. मागचे लायनर अजून जुनेच आहेत, आणि मागचा डावा शू जोरात ब्रेक मारला की थोडा आधी धरतो, ते काम आता पेरणीच्या आधी उरकायचंय.