पंधरवड्याची काच

पाण्यात काय वाढतं ते बघायला पवई तलावात आम्ही साध्या काचेच्या स्लाइड बुडवून ठेवतो. चौकटीत उभ्या खोवायच्या, तरंगत्या डब्याला बांधून वीतभर पाण्याखाली सोडायच्या आणि दोनेक आठवडे तिकडे फिरकायचं नाही. फेब्रुवारीतल्या त्या दुपारी चौकटी काढायला गेलो, तेव्हा नवी ज्युनियर खुशीत होती. मीटरवर विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ११ मिलिग्रॅम! "मॅडम, पाणी तर मस्त आहे!"

पाणी २८ अंशांवर होतं. इतक्या कोमट पाण्यात हवेतून मुरलेला ऑक्सिजन ८ मिलिग्रॅमच्याही वर जात नाही. वरचा सगळा शेवाळानं उन्हात बनवलेला. आणि रात्री श्वासासाठी तेच तो ओढून घेतं. मी एवढंच म्हटलं, "आधी स्लाइड बघू."

उघड्या पाण्यातली काच तपकिरी-हिरवी झाली होती. जलपर्णीखालची मात्र राखाडी, वर कापूस पिंजल्यासारखा थर. होडीवाल्या काकांनी ती चौकट दोन बोटांनी धरली आणि नाक मुरडलं.

लॅबमध्ये पहिली काच लावली. नित्शिया आणि नॅव्हिक्युला हे डायटम (एकपेशीय शेवाळं) दाटीवाटीनं, गोम्फोनेमा देठावर उभं, मधून ऑसिलेटोरियाचे सरकते धागे, शिवाय सेनेडेस्मस आणि युग्लिना. शेवाळतज्ज्ञ पामर यांनी १९६९ मध्ये प्रदूषण सोसणाऱ्या शेवाळांना गुण दिले होते. ती यादी मुळात पाण्याच्या नमुन्यांसाठी, पण अंदाजाला चालते. ज्युनियरनं बेरीज केली : ३, ३, १, ५, ४, ५. एकवीस. वीस किंवा जास्त म्हणजे सेंद्रिय घाण भरपूर. तिनं परत मोजलं.

दुसऱ्या काचेवर शेवाळ नावालाच; पर्णीच्या सावलीत ऊन पोचतच नाही. तिथं व्हॉर्टिसेलाची गर्दी. घंटेच्या आकाराचे एकपेशीय जीव, प्रत्येक आपापल्या देठावर. मी टेबलावर टिचकी मारली. सगळे देठ क्षणात स्प्रिंगसारखे आखडले आणि मग सावकाश उलगडले. ज्युनियर नुसती टिचक्या मारत बसली! (मीही पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि अजूनही करते.) व्हॉर्टिसेलाचं खाणं म्हणजे बॅक्टेरिया, आणि बॅक्टेरियांचं खाणं म्हणजे सांडपाणी आणि कुजणारी पानं. इतकी गर्दी एका दुपारीत जमत नाही. मीटर सांगतो ते त्या मिनिटाचं. काचेवर आधीच्या सगळ्या रात्रीही धरलेल्या असतात.

अहवालात ११ हा आकडा तिनं ठेवला, पण पुढे लिहिलं : दुपारी अडीच, कडक ऊन. मग पहाटेचं रीडिंग घ्यायचं म्हणून लगेच काकांना फोन लावला. काका म्हणाले, "तांबडं फुटल्यावर या. तलावात मगरी आहेत, अंधारात मी होडी काढत नाही."