होमरच्या गॅलरीत बाबा

बाबा सध्या आमच्याकडे बॉस्टनला आलेत. आयुष्यभर वेंगुर्ल्याला शाळेत ड्रॉइंग शिकवलेला माणूस, मॉल आणि आउटलेटला जाम वैतागला होता, मग शनिवारी गाडी काढली आणि मेनमधल्या पोर्टलंडला गेलो, विन्स्लो होमर या अमेरिकन चित्रकाराचा स्टुडिओ बघायला. स्टुडिओ आहे तो प्राउट्स नेक हा सगळा खासगी एरिया, त्यामुळे आपली गाडी थेट नेता येत नाही, पोर्टलंड म्युझियम ऑफ आर्टची व्हॅन नेते-आणते.

होमर जन्माने बॉस्टनचाच, १८३६ चा. १८८३ मध्ये इथे येऊन राहिला आणि १९१० ला, ७४ व्या वर्षी, याच घरात गेला. घर म्हणजे मूळची बग्गी ठेवायची शेड, ती घरच्यांच्या मोठ्या बंगल्यापासून चक्क सरकवून लांब नेली आणि समुद्राच्या बाजूने वर लांबलचक गॅलरी काढून घेतली. लग्न नाही, माणसांचा कंटाळा. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांनी डोकावू नये म्हणून 'साप! साप! उंदीर!' अशी पाटी लावली होती पठ्ठ्याने. आणि आता आम्ही तिकीट काढून त्याच्या गॅलरीत!

गॅलरीत वारा असा की भर जुलैत कान गार पडले. बाबा म्हणाले, "ह्याला काय समुद्र म्हणायचा? ना पुळण, ना माड, नुसता कातळ." पण मग तिथून हलायलाच तयार नाहीत, लाट खडकावर फुटते तिथेच नजर.

गंमत म्हणजे इथल्या लाटा त्याने जास्त करून ऑइलमध्ये केल्या, वॉटरकलर मात्र बहुतेक फिरतीवरचे, बहामाज, फ्लोरिडा, बर्म्युडा असे. वॉटरकलर त्याची आई पण करायची. त्याने स्वतः ते सीरियसली घेतलं १८७३ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरला. मला विचाराल तर ऑइलपेक्षा हेच भारी, एक बॉस्टनला अगदी जवळून बघितलंय, लाटेवरचा फेस म्हणजे रंगच नाही, कोरा कागद! कुठे सोडलेला, कुठे ओला रंग टिपून घेतलेला, कुठे वाळल्यावर चाकूने खरवडलेला. हे सांगितल्यावर बाबा एकदम फॉर्मात, "इंटरमिजिएटच्या पोरांना हेच सांगून घसा बसला माझा, पांढऱ्या ट्यूबचं झाकण उघडायचं नाही!" व्हॅनमधल्या दोन गोऱ्या आज्या बघायला लागल्या, मग मला भाषांतर करावं लागलं.

'डायमंड शोल' हे शेवटचं मानलं जाणारं वॉटरकलर १९०५ चं, म्हणजे वय ६९, आणि विषय काय तर खवळलेल्या समुद्रात कललेलं शिडाचं जहाज. १९०८ मध्ये स्ट्रोक आला, तरी पुढच्या वर्षी 'ड्रिफ्टवुड' हे ऑइल केलंच. बाबांचं वय ७६, परत येताना त्यांनी माझ्याकडून ब्रश आणि जाड कागद वसूल केले.

जाणार असाल तर बुकिंग आधी करा, जॅकेट घ्याच. आणि वॉटरकलर बघायचे असतील तर म्युझियमला विचारून जा, उजेडाने रंग उडतात म्हणून ते कायम भिंतीवर लावत नाहीत.