लक्ष्मीपूजन, पण पणती नको

ओरिंडा, कॅलिफोर्निया
रविवार, २७ ऑक्टोबर २०१९

काल रात्री आठनंतर लाईट गेली ती अजून नाही. वीज कंपनीचे मेसेज आधीपासून येत होते, तरी आज दिवसभर बाथरूममध्ये शिरताना हात बटणाकडे जातोच आहे.

सकाळी आईचा लातूरहून फोन. तिकडे पूजा आटोपलेली, मागे फटाक्यांचा आवाज. "अगं, अमेरिकेत पण भारनियमन?" म्हणाली आणि हसतच सुटली. समजावताना माझीच पंचाईत झाली. आपल्याकडे वीज कमी पडायची म्हणून जायची. इथे वीज भरपूर आहे, भीती तारांची आहे. ऑक्टोबरात ईशान्येकडून, डोंगरापलीकडून कोरडा वारा सुटतो, 'डायब्लो' म्हणतात त्याला. उन्हाळाभर पावसाचा थेंब नसतो, टेकड्यांवरचं गवत वाळून कोळ झालेलं. त्यात तार तुटून ठिणगी पडली की संपलं. गेल्या नोव्हेंबरात पॅरडाइज गाव असंच गेलं, ८५ माणसं मेली. म्हणून आता वारा यायच्या आधीच वीज तोडतात. या महिन्यातली आमची ही दुसरी खेप. या वेळी ९ लाखांहून जास्त ग्राहक अंधारात आहेत, आणि ग्राहक म्हणजे मीटर, माणसं वेगळी मोजायची.

"मग बरोबरच आहे की," आई म्हणाली. बरोबर आहे गं. पण बुधवारी इथून उत्तरेला, सोनोमा भागात आग लागलीच. तिथे घरांची वीज बंद होती, उच्चदाबाची लाईन मात्र चालू होती, आणि आग लागली तिथल्याच एका मनोऱ्यावर बिघाड सापडलाय. हे आईला सांगितलं नाही.

गंमत अशी की आमच्या छतावर सोलर आहे. वर लख्ख ऊन, खाली मोबाइल चार्ज होईना. ग्रिड, म्हणजे कंपनीच्या तारांचं जाळं, बंद पडलं की आपला इन्व्हर्टरही बंद होतो, नाहीतर छतावरची वीज उलटी तारेत शिरून दुरुस्तीवाल्याला झटका बसायचा. बॅटरी असती तर घर चाललं असतं. महाग म्हणून तेव्हा मीच नको म्हटलं होतं. नवरा दिवसभर त्यावर एक शब्द बोलला नाही. त्याचं हे न बोलणं मी बरोबर लक्षात ठेवलंय.

शेजारच्यांच्या जनरेटरची रात्रभर घरघर असते. मागच्या खेपेला मी जाम चिडले होते. काल त्यांनी पलीकडच्या आजोबांच्या श्वासाच्या मशीनसाठी कुंपणावरून वायर टाकली, तेव्हापासून आवाज तितकासा लागत नाही.

दुपारी शेजारच्या लाफायेत गावाच्या बाजूला धूर दिसला आणि पोटात गोळा आला. संध्याकाळी रेंजही गेली. टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या असाव्यात. घर सोडा असा निरोप यायचा झाला तर तो याच फोनवर यायचा! नवरा तासातासाला गाडीत बसून रेडिओ ऐकून येतोय. लेकीला गॅरेजचं दार लाल दोरी ओढून हातानं कसं उचलायचं ते दोनदा करून दाखवायला लावलं. २०१७च्या आगीत वीज नाही म्हणून दार उघडेना, तशी माणसं गेली होती.

अमावास्या, गल्लीत मिट्ट काळोख. पणत्यांना यापेक्षा चांगली रात्र कुठली मिळणार? पण दारात एकही लावली नाही. आकाशकंदील वाऱ्यानं फडफडायला लागला तसा उतरवून ठेवला. पूजा स्वयंपाकघरात केली, परातीत पाणी, मधे पालथी वाटी, वाटीवर एकच पणती. खिडक्या बंद. लेक म्हणाली, "आई, लक्ष्मीला आपलं घर सापडेल ना?" मी म्हटलं, सापडेल, जनरेटरच्या आवाजाच्या शेजारचं.

वारा पडला तरी लगेच लाईट येत नाही. आधी उजेडात सगळ्या तारा तपासतात. म्हणजे उद्या तरी येते का कोण जाणे. फ्रीजमधलं श्रीखंड आताच संपवायचं ठरलंय. तिघांना एक किलो.