आमच्या हॉलमधली ‘ती’

आमच्या सासूबाईंनी जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही. उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. आता ८२व्या वर्षी त्यांना दिवसातून वीस वेळा एका डब्याला नावानं हाक मारावी लागते. डबा म्हणजे स्मार्ट स्पीकर, बोललेलं ऐकून काम करणारा. घरातले बाकी कुणी मात्र ते नाव घेत नाही, कारण घेतलं की ती जागी होते. म्हणून आमच्याकडे तिला ‘हॉलमधली’ म्हणतात. इथेही मी तेच म्हणणार आहे. डबा कुठल्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही, पुढे जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं सगळ्यांनाच लागू आहे.

आम्ही सांगलीत राहतो. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना काचबिंदू आहे. माणूस ओळखतात, पण रिमोटची बटणं दिसत नाहीत. त्यात रिमोट दोन, एक टीव्हीचा आणि एक सेटटॉप बॉक्सचा. पॉवरच्या बटणावर मी टिकली चिकटवून ठेवायचे. टिकली पडली की गोंधळ. एकदा सगळा टीव्ही तमिळ भाषेत गेला आणि परत मराठीत आणायला आम्हाला अख्खी संध्याकाळ लागली, कारण ‘भाषा’ हा शब्दच आता तमिळमध्ये होता.

दिवाळीत मुलगा पुण्याहून आला. पाडव्याला डबा आणला, भाऊबीजेला लावून दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला. जाताना म्हणाला, “आई, आता आजीनं नुसतं बोलायचं.”

नुसतं बोलून टीव्ही चालू झाला, बंदही झाला. चॅनेल काही बदलेना. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की टीव्ही इंटरनेटवर आहे म्हणून तो ऐकतो, पण सेटटॉप बॉक्सला इंटरनेटशी काही देणंघेणं नाही. त्याला फक्त रिमोटच्या टोकातून येणारे अवरक्त किरण कळतात. (रिमोट चालतोय की सेल गेलेत हे बघायचं असेल तर त्याचं टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारी लुकलुक बहुतेक कॅमेऱ्यांना दिसते. मला हे कळल्यापासून मी शेजाऱ्यांचेही रिमोट तपासून दिलेत.) तर, मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला आयआर ब्लास्टर म्हणतात. हाताच्या मुठीएवढा काळा गोळा, हजार-बाराशेला मिळाला. तो वाय-फायवरून हुकूम घेतो आणि बॉक्सकडे किरण सोडतो.

तोही सुखासुखी जोडला गेला नाही. वाय-फायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. त्याला २.४चाच चालतो आणि आमचा राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावानं सोडत होता. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं दिली तेव्हा पाच मिनिटांत काम झालं. मग मी तो गोळा दिसायला बरा नाही म्हणून शोकेसमधल्या गणपतीच्या तसबिरीमागे ठेवला. परत चॅनेल बदलेना. किरण तसबिरीतून कसे जाणार? गोळ्याला बॉक्स समोर दिसला पाहिजे. शेवटी गणपती सरकला.

आमच्या डब्याला हिंदी आणि इंग्रजी कळतं, मराठी नाही. आत्यांची हिंदी म्हणजे भाजीवाल्याशी बोलण्याएवढी. “वो मालिका लगाव ना, कल अर्धी रही” असं त्या सांगायच्या आणि हॉलमधली नम्रपणे माफी मागायची. आत्या म्हणायच्या, “माणूस चांगलं हाय, पण समजत कमी.” मग आम्ही रुटीन बनवलं. अ‍ॅपमध्ये आपण एखादा शब्द ठरवायचा आणि तो उच्चारला की काय काय व्हावं ते सांगून ठेवायचं. आता आत्या “मालिका” म्हणतात आणि टीव्ही लागतो, बॉक्स लागतो, चॅनेल येतो. “रेडिओ” म्हणाल्या की इंटरनेटवरून आकाशवाणी. डबा घेतला असेल तर पहिलं काम हे करा. म्हाताऱ्या माणसाला यंत्राची भाषा शिकवू नका, यंत्राला त्यांचे दोन शब्द शिकवा.

इथवर सगळं कौतुकाचं. दोन महिन्यांनी मी आवाजाची पातळी कुठं बदलते ते शोधत अ‍ॅपमध्ये भटकत होते. मुलानं माझ्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं होतं, त्याच्याच खात्यानं. एका पानावर तारीखवार यादी दिसली. आत्या जे जे बोलल्या ते लिहिलेलं आणि प्रत्येक ओळीसमोर ऐकायचं बटण. मालिका. रेडिओ. आवाज बढाव. माझ्या नणंदेचं नाव डब्याच्या नावाशी थोडं जुळतं, त्यामुळे तिला मारलेल्या हाकाही होत्या. एका तुकड्यात तर तिच्या मुलीला आलेल्या स्थळाबद्दल आमचं सात-आठ सेकंदांचं बोलणं होतं, मुलाचा पगार धरून. मी हसले. पुढे सरकले.

पहाटे ३:४२. “टाइम क्या हुआ?” आदल्या रात्री २:५५. त्याच्या आदल्या रात्री ३:१० आणि परत ४:२०. आत्यांची खोली हॉलला लागून आहे, दार उघडं असतं. मी एक तुकडा वाजवला. एरवी घरभर ऐकू जाणारा त्यांचा आवाज, पण इथं कुणी उठू नये म्हणून दबका काढलेला. आम्हाला त्या रोज सकाळी सांगायच्या, झोप छान लागली. मी लगेच बंद केलं. कुणाच्या तरी कपाटात हात घातल्यासारखं वाटलं.

मुलाला फोन केला. “तुला हे सगळं दिसतं?”

“दिसतं गं, पण बघतो कोण.” मग थोडा वेळ काही बोलला नाही. “आजी रात्री झोपत नाही का?”

म्हणजे त्यानं आत्ताच उघडून बघितलं होतं.

आवाजावर चालणाऱ्या वस्तूंबद्दल बोलताना आपण नेहमी कंपन्यांना धरतो, आणि ते खोटं नाही. २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी या वाहिनीनं गूगल असिस्टंटचे (गूगलची अशीच ‘हॉलमधली’) हजारावर ध्वनिमुद्रित तुकडे ऐकले होते. त्यांतले १५३ असे होते की कुणी यंत्राला हाकच मारली नव्हती. ते तुकडे मुद्दाम माणसांना ऐकायला दिले जात, आवाज ओळखणं सुधारावं म्हणून. त्याच वर्षी अ‍ॅमेझॉन आणि अ‍ॅपलबद्दलही अशाच बातम्या आल्या. हे सगळं मी वाचलेलं होतं आणि तरी डबा हॉलमध्ये ठेवला होता. कंपनीतल्या अनोळखी माणसानं आमच्या आत्यांचं ऐकलं तर त्याला काय कळणार, असा माझा हिशोब. नातवाला आणि सुनेला ऐकू येईल हे ध्यानातच आलं नव्हतं.

आत्यांना सांगणं भाग होतं. दुपारी चहाच्या वेळी सांगितलं की तुम्ही तिच्याशी बोलता ते साठून राहतं.

“साठू दे की. मी काय कुणाची चहाडी करतीया व्हय?”

“रात्रीचंही साठतं, आत्या.”

कप खाली ठेवला. “पोराला दिसतंय?”

“दिसतं. मलाही दिसलं.”

“मग तेवढं पूस.”

तेवढं पुसायला माझा अख्खा रविवार गेला. एकेक ओळ पुसता येते, एका दिवसाचं पुसता येतं, सगळंच पुसता येतं. मी सगळं पुसलं. पण पुसण्यापेक्षा महत्त्वाची सेटिंग त्याच पानाच्या तळाशी होती: रेकॉर्डिंग किती काळ ठेवायचं. आमच्याकडे ते ‘मी पुसेपर्यंत’ वर होतं. तीन महिन्यांचा पर्याय होता, आणि ‘साठवूच नका’ हाही होता. तो निवडला. त्याच्याखाली, रेकॉर्डिंग सेवा सुधारण्यासाठी वापरायला दिलेली संमती होती, तीही काढली. ही संमती आम्ही कधी दिली ते मुलालाही आठवेना.

तरी पुसलं म्हणजे गेलं असं मी धरत नाही. २०२३ मध्ये ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अ‍ॅमेझॉनवर आरोप केला होता की त्यांच्या डब्यातल्या अलेक्सानं मुलांचे आवाज वाटेल तितके दिवस ठेवले आणि आईबापांनी पुसायला सांगितल्यावरही लिहिलेला मजकूर सगळीकडून काढला नाही. कंपनीनं आरोप मान्य केले नाहीत, पण २.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. म्हणून आवाज पुसल्यावर शेजारचं ‘लिखित इतिहास’ असं काही पान आहे का तेही मी बघते.

मग खातं. डबा पूर्ण पुसून, नव्यासारखा करून, आत्यांच्याच मोबाइल नंबरवर वेगळं खातं काढलं. पासवर्ड त्यांच्या औषधांच्या डब्यात कागदावर आहे. आधी मी तो कॅलेंडरच्या मागे लिहिणार होते, ह्यांनी अडवलं. मुलाच्या खात्यातून आमचं घर काढून टाकलं. त्याच्या खात्याला एक सोय होती, न उचलता थेट डब्यातून बोलायची. तो पुण्यातून अचानक “आजीऽ” म्हणायचा आणि आत्यांच्या हातातला कप सांडायचा. ती बंद. फोनबुक वाचायची परवानगी बंद. बोलून खरेदी करणं बंद. आमच्याकडे कुणी केली नव्हती, पण तमिळचा अनुभव गाठीला होता.

आणि टीव्ही. त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं, सगळा संशय डब्यावर. स्मार्ट टीव्हीत पडद्यावर काय चाललंय ते ओळखून पाठवायची सोय असू शकते, सेटटॉप बॉक्सवरून येणारा कार्यक्रमसुद्धा. विझिओ या कंपनीनं अमेरिकेत १.१ कोटी टीव्हींमधून असं केलं, न विचारता, आणि २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरले. आमच्या टीव्हीनं विचारलं होतं. पहिल्या दिवशी, चार लांबलचक पानांच्या शेवटी, आणि मुलानं चारही ठिकाणी ‘मान्य’ दाबलं होतं. ‘बघण्याची माहिती’ अशा काहीतरी नावाखाली ते सापडलं. काढलं. त्यामुळे मालिका दिसायची थांबली नाही. टीव्हीच्या रिमोटमधला माइक मात्र मी राहू दिला, तो बटण दाबून धरलं तरच ऐकतो.

राहिला प्रश्न डब्याच्या माइकचा. वर बटण आहे, दाबलं की लाल दिवा लागतो आणि ती बहिरी होते. मी ठरवलं, रात्री दहा वाजता लाल दिवा. पहिल्याच दिवशी आत्यांनी विचारलं, “मग रात्री टायम कोण सांगणार?”

भिंतीवरचं घड्याळ त्यांना दिसत नाही. दिवा लावला तर सगळे उठतात म्हणून त्या लावत नाहीत. ज्या प्रश्नासाठी मी एवढा खटाटोप केला, त्याच प्रश्नासाठी त्यांना ती खरी हवी होती. मालिका वगैरे वरवरच्या. तेव्हा माइक रात्रीही चालूच असतो. स्थळाच्या गोष्टी आता स्वयंपाकघरात होतात आणि पाहुणे आले की दिवसा लाल दिवा. झोपेचं मी डॉक्टरांच्या कानावर घातलं, आत्यांना विचारून. त्यांनी संध्याकाळची एक गोळी सकाळी घ्यायला सांगितली, थोडा फरक आहे. ती यादी मी चुकून बघितली नसती तर हेही कळलं नसतं. त्यावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

परवा रात्री कशानं तरी जाग आली. पलीकडून दबका आवाज, डब्याला हाक, मग “टाइम क्या हुआ?” उशाचा मोबाइल माझ्या हातातच होता. हॉलमधलीनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “पावणेचार, आत्या.”

क्षणभर सगळं गप्प.

“तू का जागी?” आत्यांनी विचारलं.