सरधन्याचं बेगमेचं चर्च

मेरठहून सरधना वीसेक किलोमीटर. हिवाळ्यात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची अशी रांग लागते की बस मुंगीच्या पावलाने सरकते, आणि गुऱ्हाळांचा वास खिडकीतून आत येत राहतो. कोल्हापूरकराला इथे करमेल.

मी आले होते बेगम समरूच्या ओढीने. २३ सप्टेंबर १८०३ची असईची लढाई आपण शाळेत शिंद्यांचा पराभव म्हणून शिकतो. आजच्या जालना जिल्ह्यातल्या त्या रणावर शिंद्यांच्या बाजूने सरधन्याच्या पलटणीही होत्या, आणि त्यांची मालकीण होती एक बाई. मूळची फरझाना, दिल्लीतली नाचणारी पोर, असं सांगतात. वॉल्टर राइनहार्ट या भाडोत्री युरोपीय सेनानीबरोबर ती राहिली. तो १७७८ मध्ये वारला तेव्हा फौज आणि जहागीर तिने हाती घेतली. १७८१ मध्ये आग्र्याला बाप्तिस्मा घेऊन ती जोआना झाली. असईनंतर वारं ओळखून इंग्रजांशी जुळवून घेतलं आणि १८३६ मध्ये मरेपर्यंत सरधना सोडलं नाही. तेवढ्या काळात किती मोठमोठी घराणी धुळीला मिळाली!

चर्च १८२२चं. आराखडा अंतोनियो रेगेलिनी या इटालियनाचा. तो तिच्याच फौजेतला अधिकारी. समोर जाड खांबांची रुंद ओसरी, वर घुमट आणि दोन उंच निमुळते मनोरे. बाहेरून सगळं इटलीचं, पण आत वेदीच्या संगमरवरात रंगीत दगडांचं जडावकाम आहे, ते थेट आग्र्याच्या हातचं वाटतं. १९६१ मध्ये पोपनी याला बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. चर्च कृपामाउलीचं, म्हणजे मेरीमातेचं, नोव्हेंबरच्या यात्रेला सगळ्या धर्मांची माणसं लोटतात.

खरं सांगायचं तर माझं लक्ष माउलीकडे कमी आणि बेगमेकडेच जास्त होतं. आदामो तादोलिनीने घडवलेलं तिचं संगमरवरी स्मारक आतच आहे, पुरुषभर उंचीच्या मूर्तींचं. सगळ्यांच्या वर बेगम बसलेली, अंगावर शाल, हातात जहागिरीच्या फर्मानाची गुंडाळी. देवाच्या घरातसुद्धा बाईने कागदपत्रं सोडली नाहीत! खाली तिचा वारस डेव्हिड, हिंदू दिवाण, मुसलमान घोडदळप्रमुख आणि कॅथलिक बिशप एकत्र उभे. हा देखावा जरा जास्तच जुळवलेला वाटतो खरा, पण तिचा दरबार होताच तसा मिसळीचा. डेव्हिड पुढे १८४१ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि मतदारांना लाच दिल्याच्या ठपक्याने त्याची निवड रद्द झाली, ती कथा वेगळीच.

परतताना दिल्लीत थांबणार असाल तर चांदणी चौकात भगीरथ पॅलेसला जा. वायरी, बल्ब आणि स्विचबोर्डांच्या त्या गजबजलेल्या बाजारात मान वर केली की मोठाले खांब दिसतात. ती बेगमेची दिल्लीतली हवेली.