क्लबच्या कार्डावर सेव्हर्न नदी: आर्लीची एक फेरी

इंग्लंडातल्या सेव्हर्न नदीवर गळ टाकायला दोन कागद लागतात. पहिला सरकारी रॉड लायसन्स, म्हणजे गळाच्या काठीचा परवाना. तो घरबसल्या ऑनलाइन निघतो. तेरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, तेरा ते सोळा वयाच्या मुलांना फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. विनालायसन्स सापडलात तर दंड 2,500 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. दुसरा कागद म्हणजे त्या काठाची परवानगी, आणि इथे नव्यानं आलेले आपले लोक नेमके इथेच अडतात. आपल्याकडे घाटावर बसून कुणीही गळ टाकतो, हटकायला कोणी येत नाही. इंग्लंडात मात्र भरतीचं पाणी पोचत नाही तिथे मासे धरायचा हक्क साधारणपणे काठच्या जमीनमालकाचा असतो, तोही पात्राच्या मध्यापर्यंत. गळ टाकणाऱ्यांचे क्लब हा हक्क शेतकऱ्यांकडून भाड्यानं घेतात, क्वचित विकतही घेतात, आणि वर्षाची वर्गणी भरून कार्ड घेतलं की क्लबचे नदीकाठचे सगळे पट्टे सभासदाला खुले होतात. ब्रिजनॉर्थपासून स्टोरपोर्टपर्यंतच्या सेव्हर्नवर बर्मिंगहॅम अँगलर्स असोसिएशन आणि किडरमिन्स्टर अँड डिस्ट्रिक्ट अँगलिंग असोसिएशन या दोन जुन्या संस्थांकडे चांगलं पाणी आहे. मिडलंड्समध्ये राहणाऱ्यानं चौकशी इथूनच सुरू करावी.

भाद्रपदात, गौरी यायच्या आधीच्या शनिवारी, मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी सेव्हर्नकाठच्या आर्ली गावी गेलो. बर्मिंगहॅमहून किडरमिन्स्टरला साध्या गाडीनं आणि तिथून, स्टेशनला लागूनच असलेल्या सेव्हर्न व्हॅली रेल्वेच्या वाफेच्या गाडीनं. ही लाइन 1862 साली सुरू झाली, 1963 मध्ये प्रवासी गाड्या बंद पडल्या आणि रेल्वेवर जीव असणाऱ्या लोकांनी 1970 पासून ती टप्प्याटप्प्यानं पुन्हा चालू केली. पूर्वी बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतले कामगार सुट्टीच्या दिवशी गळाच्या काठ्या घेऊन याच लाइननं नदीवर येत. काठी, जाळं आणि पाठीवरची पिशवी घेऊन डब्यात चढताना मला त्यांची आठवण होते. गाडी रोज नसते, तिकीट स्वस्त नाही आणि परतीची शेवटची गाडी दिवस मावळायच्या बरीच आधी सुटते. म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघाच. बार्बल, म्हणजे इथला नदीच्या तळाशी राहणारा मासा, खरा खातो तो तिन्हीसांजेला, त्यामुळे मन लावून मासेमारी करायची तर मोटार बरी. मुलांना घेऊन जायचं असेल तर मात्र गाडीच.

आर्लीच्या अलीकडे गाडी व्हिक्टोरिया पुलावरून नदी ओलांडते. 1861 सालचा हा बिडाचा पूल, एकाच कमानीचा. इथे खिडकीशी उभं राहा आणि पाण्याचा रंग बघा. त्या दिवशी पाणी चहात थोडंसंच दूध घातल्यासारखं होतं, आणि ते पाहून मी खूश झालो. आठवड्याच्या मध्याला वेल्समध्ये पाऊस झाला होता. सेव्हर्न उगवते तिथल्या प्लिनलिमनच्या डोंगरात, आणि तिथला पाऊस इथे चढायला एक-दोन दिवस लागतात. आर्लीच्या खालच्या अंगाच्या ब्यूडली गावापाशी मोजलेल्या पाणीपातळीचा आलेख सरकारी संकेतस्थळावर दिवसभर ताजा होत असतो. शुक्रवारी रात्री त्यात रेघ वर जाऊन खाली वळलेली दिसली, तेव्हाच मी जायचं नक्की केलं. चढत्या पाण्यात फांद्या, गवत, पालापाचोळा दोरीला येऊन अडकतो आणि काठही निसरडा होतो. उतरत्या गढूळ पाण्यात बार्बल भर दिवसाही अन्न शोधत फिरतो. क्लबच्या दहा पट्ट्यांतला कोणता निवडावा, हे आधी हा आलेख बघूनच ठरवावं. पाणी जास्त असेल तर आतल्या वळणाची, काठालगतची संथ जागा. पाणी कमी आणि नितळ असेल तर खळाळाच्या खालची खोल धार.

उन्हाळ्यात पाणी अगदी आटत कसं नाही, असं मुलीनं विचारलं. वेल्समध्ये क्लवेडॉग नावाचं धरण 1967 मध्ये झालं. कोरड्या दिवसांत त्यातून पाणी सोडतात, ब्यूडलीपाशी नदीचा प्रवाह ठरलेल्या पातळीखाली जाऊ नये म्हणून. शहरांचं पिण्याचं पाणी याच नदीतून उचललं जातं. पण प्रवाह राखला तरी पाणी तापतंच. तापमान वीस अंश सेल्सियसच्या वर गेलं की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि झुंजून दमलेला बार्बल सोडल्यावर मरू शकतो. अशा दिवसांत चांगले सभासद बार्बलच्या वाटेला जात नाहीत, मग क्लबनं बंदी घातलेली असो वा नसो. पिशवीत साधा पाण्याचा थर्मामीटर ठेवा.

आर्ली स्टेशन नदीच्या पश्चिमेला आणि गाव पूर्वेला. मधे पायपूल आहे. समोरासमोरचे काठ वेगवेगळ्या मालकांचे, म्हणून वेगवेगळ्या क्लबांचे असू शकतात. क्लबच्या पुस्तिकेत ‘डावा काठ’ लिहिलेलं असेल तर तो प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून डावा, हे पक्कं लक्षात ठेवा. पट्टा कुठल्या कुंपणापासून कुठल्या ओढ्यापर्यंत, गाडी कुठे लावायची, कुठल्या फाटकातून शिरायचं, हे पुस्तिकेत ओळीओळीनं दिलेलं असतं. ते नीट वाचा. फाटक बंद दिसलं तर मागे बंद करा, उघडं दिसलं तर उघडंच राहू द्या, कारण गुरं कुठल्या शेतात चरायला सोडायची हे शेतकऱ्यानं ठरवलेलं असतं. एक फाटक उघडं राहिलं आणि गुरं रस्त्यावर आली, एवढ्यानं क्लबच्या हातून अख्खा पट्टा जाऊ शकतो. शेतावरून विजेच्या तारा गेल्या असतील तर काठी जोडण्याआधी वर बघा. कार्बनच्या काठीतून वीज धावते, तारांपासून लांब बसा.

काठावर पुरुषभर उंचीचा गुलाबी फुलोरा होता. मुलगी म्हणाली, “बाबा, हा तेरडा ना? गौरीला न्यायचा?” तेरड्याच्याच कुळातला, पण हिमालयातला. 1839 मध्ये बागांसाठी तो ब्रिटनमध्ये आणला, आणि तिथून निसटून त्यानं नद्यांचे काठ व्यापले. इथलं गवत, इथली झुडपं त्याच्या सावलीत मरतात. हिवाळ्यात तो स्वतःही मरतो आणि उघडा पडलेला काठ पुरात ढासळतो. बी तडकून दूर उडतं, म्हणून या दिवसांत त्याला हात न लावलेला बरा. जूनमध्ये, फुलं यायच्या आत, क्लबची मंडळी जमून तो मुळासकट उपटतात. या श्रमदानाला जरूर जा. नदीची खरी माहिती तिथे जुन्या सभासदांकडून मिळते. कुठल्या झाडाखाली खोल खड्डा आहे, कुठे तळ खडीचा आहे, हे पुस्तिकेत नसतं.

सामान फार लागत नाही. पावणेदोन पौंड टेस्ट कर्व्हची (म्हणजे तेवढ्या वजनानं काटकोनात वाकणारी) काठी, दहा-बारा पौंडांची दोरी, तळाशी बसणारा फीडर (माशांचं खाद्य भरायची डबी), दहा नंबरचा बिनकाट्याचा गळ आणि त्याला केसासारख्या दोऱ्यावर लावलेला हॅलिबट पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याची गोळी. पहिला तासभर नुसते चब नावाचे लहान मासे लागले. जेवणानंतर काठी एकदम वाकली आणि रिळातून दोरी सुटायला लागली. मुलीनं काठी घट्ट धरली, मी फक्त जाळं सांभाळलं. चारेक पौंडांचा बार्बल होता. वजन केलं नाही, कारण त्याला पाण्याबाहेर ठेवायचं नव्हतं.

बार्बलला तोंडाशी चार मिशा असतात. आपल्या खडसालाही (महसीरलाही) चारच. दोघं एकाच मोठ्या कुळातले, दोघं वाहत्या पाण्याच्या तळाशी राहणारे. सेव्हर्नमध्ये बार्बल मुळात नव्हता. 1956 मध्ये केनेट नदीतून पाचशेच्या आसपास मासे आणून इथे सोडले आणि खडीच्या तळावर त्यांचा वंश वाढला. सोडताना याला घाई चालत नाही. ओल्या मॅटवर, जाळ्यातच गळ काढायचा, मग त्याचं तोंड वरून येणाऱ्या प्रवाहाकडे करून पाण्यात दोन्ही हातांनी आधार द्यायचा आणि तो स्वतःच्या जोरावर निसटेपर्यंत थांबायचं. कधी दहा मिनिटंही लागतात. बार्बलला कीपनेटमध्ये (धरलेले मासे पाण्यातच ठेवायच्या जाळ्यात) ठेवू नका.

फोनवर माझी आई नेहमी विचारते, “खायचा नाही तर धरायचा कशाला?” कायद्यानं थोडे ठरावीक आकाराचे मासे नेता येतात, पण क्लबांच्या नियमात बहुतेक ठिकाणी सगळेच परत सोडायचे असतात. बार्बलची अंडी तर विषारीच. मी आईला महाडजवळच्या वाळण कोंडीची आठवण करून देतो. तिथल्या डोहातले खडस देवीचे, त्यांना कोणी हात लावत नाही, आणि म्हणूनच ते टिकले आहेत. इथे देवीऐवजी वर्गणी आहे. डर्बीच्या अशाच एका अँगलिंग क्लबनं 1950च्या दशकात डरवेंट नदी बिघडवणाऱ्या कारखान्याला, नगरपालिकेला आणि वीज मंडळाला कोर्टात खेचलं आणि मनाई हुकूम मिळवला. नदीवर क्लबचा कायदेशीर हक्क होता म्हणूनच हे शक्य झालं. आजही अनेक क्लब प्रदूषणाविरुद्ध खटले लढणाऱ्या फिश लीगल या संस्थेचे सभासद आहेत. आपल्या वर्गणीतला एक वाटा तिकडे जातो आणि मला तो मासे धरण्याइतकाच मोलाचा वाटतो. क्लब निवडताना तो फिश लीगलचा सभासद आहे का, हे विचारा.

आणखी थोडं. मुंबईच्या पावसात लेप्टोची भीती असते, तशी ती इथल्या नदीकाठीही आहे. हाताला जखम असेल तर पट्टी बांधून झाका आणि डबा उघडण्याआधी हात साबणानं धुवा. जोराच्या पावसानंतर सांडपाण्याची तोंडं उघडतात, तेव्हा तर हे पाळाच. घरी आल्यावर जाळं आणि मॅट धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर एका नदीतले रोग आणि किडे दुसऱ्या नदीत जातात. तुटलेली दोरी काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायांत ती गुंतते. 15 मार्च ते 15 जून नदीवर मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. 16 जूनला हंगाम उघडतो तेव्हा काठावर जागा मिळणं अवघड. पहिल्यांदा जाणाऱ्यानं सप्टेंबर-ऑक्टोबर गाठावा: गर्दी कमी, पाणी गार आणि थोडं गढूळ. तोवर कार्ड काढून ठेवा आणि पुस्तिका हातात घेऊन एकदा काठीशिवाय सगळा पट्टा पायी फिरून या.